फ्लीटवूड मॅक: ब्लूजवाले खरे की रूमर्सवाले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लीटवूड मॅक लंडनमध्ये ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणारा बँड म्हणून सुरू झाला आणि जगभर गाजला तो १९७७ च्या ‘रूमर्स’ या पॉप अल्बमने. त्याचं नाव काढलं की दोन प्रकारची माणसं अंगावर येतात. एकांच्या मते तो १९७० सालीच संपला. दुसऱ्यांना तो १९७५ च्या आधी होता हेच माहीत नसतं. दोन्हीकडून मला तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवते. माझा कल लपवत नाही: मी बँड उभा करणाऱ्या गिटारवाल्या पीटर ग्रीनच्या, म्हणजे ब्लूजच्या, बाजूची आहे. पण ग्रीनवाल्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत.

१. हा बँड नेमका कोणाचा? कोणी पीटर ग्रीन म्हणतं, कोणी स्टीव्ही निक्स.

दोघांचाही, पण एकाच वेळी कधीच नाही. ग्रीनने जुलै १९६७ मध्ये लंडनला बँड उभा केला आणि मे १९७० मध्ये तो निघून गेला. गायिका निक्स आली १९७५ च्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात. मधल्या साडेचार वर्षांत पुढे उभी असलेली माणसं वेगळीच होती (प्रश्न ८). ड्रमवर मात्र पहिल्या दिवसापासून मिक फ्लीटवूड. बेसवाला जॉन मॅकव्ही काही आठवडे उशिरा आला आणि तोही टिकला. दोन्ही पक्ष ज्या रेकॉर्डवरून भांडतात, त्या सगळ्यांवर ठेका याच दोघांचा आहे.

२. नाव ड्रमर आणि बेसवाल्याचं, मग पुढारी ग्रीन कसा?

नाव ठेवलं ग्रीननेच. हे तिघेही जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या ब्लूज बँडमध्ये वाजवलेले. तिथे ग्रीनने एरिक क्लॅप्टनची जागा घेतली होती, म्हणजे लंडनच्या गिटारवाल्यांत त्याचं नाव आधीच झालेलं. नव्या बँडसाठी त्याला मॅकव्ही हवा होता, पण मॅकव्हीला मेयॉलकडचा नियमित पगार सोडवेना. त्याला ओढायला म्हणून नावात त्याचा ‘मॅक’ घातला, तरी १३ ऑगस्ट १९६७ ला विंडसरच्या महोत्सवात पहिला कार्यक्रम झाला तेव्हा बेसवर बॉब ब्रनिंगच होता. पहिल्या अल्बमवर रेकॉर्ड कंपनीने ‘पीटर ग्रीनचा फ्लीटवूड मॅक’ असं छापलं. ग्रीनला स्वतःचं नाव असं पुढे केलेलं आवडत नसे.

३. ‘ब्लूज काळ’ म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत?

इथे ग्रीनवाले नाराज होतील. बहुतेक लोक सरसकट १९६७ ते १९७० धरतात. रेकॉर्ड लावून ऐकलं तर शुद्ध ब्लूज फार तर दीड वर्ष भरतो.

फेब्रुवारी १९६८ चा पहिला अल्बम अस्सल ब्लूज आहे, त्याबद्दल वाद नाही. अरुंद गल्ली, कचऱ्याचा डबा आणि कुत्रा असं त्याचं मुखपृष्ठ. हा अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षीचा ‘मिस्टर वंडरफुल’ही ब्लूजच, पण तिथे पाणी जरा आटलेलं दिसतं. बँडचा दुसरा गिटारवाला जेरेमी स्पेन्सर स्लाइडवर (तारांवरून नळी घसरवत) अमेरिकन ब्लूजवाल्या एल्मोर जेम्सचं ते एकच सुप्रसिद्ध तोंड वाजवतो, आणि त्याच तोंडाने अल्बममधली चार गाणी सुरू होतात. पहिल्यांदा मजा येते, चौथ्यांदा आपण रेकॉर्ड अडकली की काय म्हणून उठून बघतो.

मग ऑगस्ट १९६८ मध्ये अठरा वर्षांचा गिटारवाला डॅनी कर्वन आला आणि नोव्हेंबरमध्ये ‘अल्बट्रॉस’ निघालं. यात शब्द नाहीत, ब्लूजचा नेहमीचा बारा बारचा साचा नाही. फ्लीटवूड कापसाच्या गोळ्यासारख्या मऊ टोकाच्या काठ्यांनी ड्रम घुमवतो आणि वर दोन गिटारी एकमेकींना धरून तरंगत जातात. स्पेन्सर त्यात वाजवतच नाही. १९६९ च्या जानेवारीत हे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि या बँडचं तिथलं ते एकमेव नंबर वन सिंगल राहिलं. बीटल्सच्या ‘सन किंग’मागे ‘अल्बट्रॉस’ची छाया आहे, हे जॉर्ज हॅरिसनने स्वतःच कबूल केलं होतं.

त्यानंतरचं ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’, मग ‘ओ वेल’ (पहिला भाग दणकट रॉक, दुसऱ्यात स्पॅनिश वळणाची गिटार), शेवटी ‘द ग्रीन मनालिशी’. यातलं कुठलंही गाणं शिकागो ब्लूजच्या साच्यातलं नाही. ब्लूजमधून पहिल्यांदा बाहेर पडला तो ग्रीनच. निक्स तेव्हा कॅलिफोर्नियात कॉलेजच्या वयाची होती, तिच्यावर हा आळ कशाला?

४. लंडनच्या गोऱ्या पोरांनी वाजवलेला ब्लूज ‘खरा’ कसा?

प्रश्न रास्त आहे. पहिल्या दोन अल्बमांवरचं बरंचसं काम नकलेच्या जवळ जातं आणि स्पेन्सर ती नक्कल उघडपणे, प्रेमाने करायचा. पण त्यांना ब्लूजच्या घरचे लोक कसे वागवत होते तेही पाहा. जानेवारी १९६९ मध्ये ते शिकागोला चेस स्टुडिओत गेले आणि विली डिक्सन, ओटिस स्पॅन, वॉल्टर हॉर्टन, हनीबॉय एडवर्ड्स यांच्याबरोबर बसून रेकॉर्डिंग केलं. स्पॅनला ही पोरं इतकी पटली की त्याने यांना साथीला घेऊन स्वतःचा एक अल्बम केला. बी. बी. किंगने ग्रीनच्या गिटारीच्या गोडव्याची केलेली तारीफ तर सगळ्यांना पाठच आहे.

चेसच्या त्या रेकॉर्डवर ‘गिटार बडी’ असं एक नाव दिसतं. तो ब्लूज गिटारवाला बडी गाय. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवात ज्यांनी त्याला ऐकलं असेल, त्यांच्यापासून हा इतिहास फक्त एका माणसाच्या अंतरावर आहे.

५. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ तर सांटानाचं ना?

नाही. ग्रीनने लिहिलेलं, मार्च १९६८ चं सिंगल, ब्रिटनमध्ये जेमतेम ३७ वा क्रमांक. सांटाना या अमेरिकन बँडने १९७० मध्ये त्याला काँगा-टिंबालीस या लॅटिन तालवाद्यांची फोडणी दिली आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. दोन्ही लागोपाठ ऐका. ग्रीनच्या आवाजात भीती आहे, सांटानाच्या वादनात नाच. असाच घोळ ‘ग्रीन मनालिशी’चाही होतो: हेवी मेटलवाले ते जुडास प्रीस्टचं समजतात.

६. ग्रीनच्या गिटारचा आवाज असा नाकातून आल्यासारखा का?

ती १९५९ ची गिब्सन लेस पॉल. तिच्या मानेकडच्या पिकअपमधलं (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातलं) चुंबक उलटं बसलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की त्यांचे सूर एकमेकांना अंशतः खातात आणि उरतो तो पातळ, पोकळ, रडवेला आवाज. बँड सोडल्यावर ग्रीनने ती गॅरी मूरला दिली. मूरने स्वतःची गिटार विकून जे पैसे आले तेवढ्यातच. पुढे २०१४ मध्ये ती हेवी मेटल बँड मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे गेली.

पण सगळं श्रेय चुंबकाला देऊ नका. ‘नीड युअर लव्ह सो बॅड’ लावा आणि तो कुठे वाजवत नाही ते ऐका. एक सूर लावतो, तो पुरता विझू देतो, मग दुसरा. आपल्याकडे विलंबित ख्यालात एखादा गवई षड्जावर थांबतो आणि मागचा तंबोरा ऐकू येऊ लागतो, तसं काहीसं. घाई नाहीच.

७. यशाच्या शिखरावर असताना ग्रीन का गेला?

‘म्युनिकच्या पार्टीत एलएसडी घेतलं आणि संपला’ ही एका ओळीची गोष्ट सगळे सांगतात. मार्च १९७० ची ती पार्टी झाली हे खरं आणि बँडमधले बाकीचे त्या रात्रीलाच दोष देत आले. पण त्याआधीच पैशाचं ओझं त्याच्या डोक्यावर बसलं होतं. मिळकत दान करून टाकावी असं तो इतरांनाही सांगत होता. ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ १९६९ च्या एप्रिलचं, आणि ते ज्याने कान देऊन ऐकलं त्याला कळायला हवं होतं की हा मुलगा बरा नाही.

पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान, इस्पितळ, विजेचे झटके. १९७७ साली हिशेबनिसाला धमकावल्याबद्दल त्याला अटक झाली. भांडण रॉयल्टीच्या पैशावरून होतं, आणि सांगतात असं की त्याला ते पैसे नको होते. त्याच वर्षी त्याच्या जुन्या सोबत्यांचा ‘रूमर्स’ जगभर खपत होता.

८. १९७० ते १९७४ मध्ये बँड काय करत होता?

टिकून राहत होता. एका बैठकीत सांगायचं तर असं: फेब्रुवारी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला स्पेन्सर हॉटेलमधून जरा बाहेर जाऊन येतो म्हणून निघाला आणि एका धर्मपंथात सामील झाला, परत आलाच नाही. उरलेला दौरा निभवायला ग्रीनला बोलवावं लागलं. कॅलिफोर्नियाचा गिटारवाला बॉब वेल्च आला. १९७२ मध्ये कर्वनने कार्यक्रमाआधी गिटार फोडली आणि स्टेजवर यायला नकार दिला, त्याला काढलं. १९७४ मध्ये मॅनेजरने नाव आपल्या मालकीचं आहे असं म्हणत भलत्याच वादकांना ‘फ्लीटवूड मॅक’ म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडलं. कज्जा कोर्टात गेला आणि वेल्चच्या आग्रहाने बँड कॅलिफोर्नियाला राहायला गेला.

या काळाकडे दोन्ही पक्ष दुर्लक्ष करतात, कारण तो कोणाच्याच बाजूचा पुरावा होत नाही. ‘बेअर ट्रीज’ (१९७२) एकदा ऐका. पॉपकडे जाणारी वाट तिथेच दिसू लागते, आणि बकिंगहॅम-निक्सचा तेव्हा पत्ताही नव्हता.

९. बकिंगहॅम आणि निक्स आले कसे?

योगायोगाने. १९७४ च्या अखेरीस फ्लीटवूड पुढच्या अल्बमसाठी स्टुडिओ शोधत व्हॅन नाइसच्या साउंड सिटीत गेला. तिथला आवाज कसा आहे ते दाखवायला निर्माता कीथ ओल्सनने त्याला लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स या जोडीच्या ‘बकिंगहॅम निक्स’ या न चाललेल्या अल्बममधलं एक गाणं ऐकवलं. थोड्याच दिवसांत वेल्च गेला. फ्लीटवूडला हवा होता फक्त गिटारवाला. लिंडसी बकिंगहॅम म्हणाला, येणार तर दोघं येऊ.

१०. मग पैशासाठी पॉपकडे वळले, हा आरोप खरा की खोटा?

माझ्या मते खोटा, किंवा निदान आळशी. १९७५ चा ‘फ्लीटवूड मॅक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचायला वर्षाहून अधिक काळ लागला. सप्टेंबर १९७६ उजाडला. दरम्यान ही मंडळी गावोगाव वाजवत फिरत होती. ‘रूमर्स’ तर अशा वेळी केला जेव्हा मॅकव्ही नवरा-बायकोचा (जॉन आणि बँडमधलीच क्रिस्टीन, प्रश्न १२) काडीमोड झालेला, बकिंगहॅम-निक्स तुटलेले आणि फ्लीटवूडचं स्वतःचं लग्न मोडत आलेलं. सॉसलिटोच्या स्टुडिओत रोज ज्याच्याबद्दल गाणं लिहिलंय त्याच्याच समोर ते म्हणायचं. निव्वळ पैशासाठी काम करणारा माणूस यापेक्षा सोपी नोकरी शोधेल. अमेरिकेत ३१ आठवडे पहिला क्रमांक आणि ग्रॅमी हे नंतर.

दुसरी बाजूही सांगते. १९६८-६९ मध्ये ‘अल्बट्रॉस’ वर चढलं तेव्हा ब्लूजच्या कट्टर लोकांनी ‘हे विकले गेले’ म्हणून ग्रीनकडे बघूनही नाकं मुरडली होतीच. प्रत्येक पिढीला आपण ऐकायला लागलो त्याच्या नंतरचं सगळं बाजारू वाटतं.

११. ‘रूमर्स’मध्ये ब्लूज काही उरला आहे का?

शब्दांत नाही, हातांत आहे. ‘डोन्ट स्टॉप’ लावा आणि गाण्याकडे लक्ष न देता फक्त ड्रम आणि बेस ऐका. तो झुलता ठेका सरळ शफल आहे, हे दोघं लंडनच्या पबांमध्ये रोज वाजवत होते तोच.

मग ‘द चेन’. हे गाणं वेगवेगळ्या तुकड्यांच्या टेपा कापून, जोडून तयार झालंय. पाचही जणांच्या नावावर असलेलं अल्बममधलं हे एकटंच. सुरुवातीला ड्रम नुसता पायाने चालतो. तीन मिनिटांच्या आसपास सगळं थांबतं आणि मॅकव्हीचा बेस एकटा पुढे येतो. मोजून काही सूर, पुन्हा तेच, आणि त्यामागे गिटार हळूहळू पेटत जाते. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यती टीव्हीवर या तुकड्याने सुरू होत, त्यामुळे बँडचं नावही न ऐकलेल्यांना तो ओळखता येतो. त्याला अगदी ब्लूज म्हणणार नाही मी, पण कमी वाजवून जागा धरून ठेवण्याची ही सवय ग्रीनबरोबर राहून लागलेली.

आणि मुखपृष्ठ पाहिलंत का? फ्लीटवूडच्या कमरेला दोन लाकडी गोळे लटकतायत. ते जुन्या पद्धतीच्या संडासाच्या साखळीचे. क्लबांमध्ये वाजवायच्या दिवसांत, चार घोट पोटात असताना आपण ते ओढून आणले, असं तो स्वतः सांगतो. ब्लूजच्या काळातली ती वात्रट खूण जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एकावर छापली गेली.

१२. क्रिस्टीन मॅकव्हीला कुठल्या गटात धरायचं?

तिथेच तर गटबाजीचा डाव फसतो. ती मूळची क्रिस्टीन परफेक्ट, ‘चिकन शॅक’ या ब्लूज बँडची पियानोवाली आणि गायिका. १९६९ मध्ये ‘आय’ड रॅदर गो ब्लाइंड’ तिने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये १४ व्या क्रमांकावर गेलं. ‘मिस्टर वंडरफुल’वर पाहुणी म्हणून पियानो तिचा. बँडच्या ‘किल्न हाउस’ या अल्बमचं मुखपृष्ठही तिने काढलेलं. आणि हीच बाई पुढे ‘डोन्ट स्टॉप’, ‘यू मेक लव्हिंग फन’, ‘एव्हरीव्हेअर’ लिहिते. बँडला पॉप शिकवलं ते ब्लूज कोळून प्यायलेल्या बाईने. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती गेली तेव्हा बहुतेक लेखांत चिकन शॅकला एक ओळ मिळाली, इतकंच.

१३. ‘फ्लीटवूड मॅक’ नावाचे दोन अल्बम दिसतात. कोणता घेऊ?

१९६८ चा आणि १९७५ चा. नाव एकच, आतला माल पूर्ण वेगळा. मी एकदा ऑनलाइन पहिला मागवला, तर खोक्यातून दुसरा निघाला. परत केला, पुन्हा तोच आला. तेव्हापासून फोटो बघते: कुत्रा आणि कचऱ्याचा डबा असेल तर ब्लूज. काळ्या-पांढऱ्या फोटोत उंच फ्लीटवूड आणि त्याच्या गुडघ्यापाशी बसलेला मॅकव्ही असेल तर ‘रिअॅनन’ आणि ‘लँडस्लाइड’वाला.

१४. ग्रीनच्या काळासाठी सुरुवात कुठून करू?

‘मॅन ऑफ द वर्ल्ड’, ‘नीड युअर लव्ह सो बॅड’, ‘ओ वेल’चे दोन्ही भाग, मग ‘देन प्ले ऑन’ हा अल्बम सलग. पहिला अल्बम त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर स्पेन्सरच्या स्लाइडपाशीच कंटाळून परत याल.

१५. नंतरच्या लोकांनी जुनी गाणी वाजवलीच नाहीत ना?

वाजवली. बकिंगहॅम आल्या आल्या दौऱ्यांत ‘ओ वेल’ म्हणत असे, कारण नव्या लाइन-अपकडे पूर्ण कार्यक्रम भरेल एवढी स्वतःची गाणी नव्हती. तो ते जोरकस वाजवायचा, पण ग्रीनचा कडवट थंडपणा त्यात नव्हता. २०१८ मध्ये बकिंगहॅमला काढल्यावर माइक कॅम्पबेल आणि नील फिन आले, त्या दौऱ्यात ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ चक्क स्टीव्ही निक्सने गायलं. ग्रीनवाल्यांना ते ऐकवत नाही. मला ऐकवलं.

१६. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये कोणत्या काळाला मान मिळाला?

१९९८ मध्ये आठ जण घेतले: फ्लीटवूड, दोन्ही मॅकव्ही, बकिंगहॅम, निक्स आणि जुन्यांपैकी ग्रीन, स्पेन्सर, कर्वन. बॉब वेल्चला वगळलं, ज्याने पाच अल्बम ओढून बँड जिवंत ठेवला (प्रश्न ८). या अन्यायावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं. त्याच रात्री सांटानाचाही समावेश झाला आणि ग्रीनने त्यांच्याबरोबर ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ वाजवलं, आपल्या बँडबरोबर नाही.

१७. ‘टस्क’ कुठल्या बाजूचा?

कुठल्याच नाही. ‘रूमर्स’ची दुसरी आवृत्ती काढायची सोडून १९७९ मध्ये हा विचित्र दोन रेकॉर्डांचा अल्बम काढला, खर्च दहा लाख डॉलरच्या वर. शीर्षकगीतावर विद्यापीठाचा अख्खा बँडबाजा आहे. प्रश्न १० मधला आरोप करणाऱ्यांना आधी हा ऐकवावा.

१८. पॉप काळातल्या एखाद्या रेकॉर्डवर पीटर ग्रीन आहे, असं ऐकलं. खरं?

खरं. ‘टस्क’वरचंच क्रिस्टीनचं ‘ब्राउन आइज’. मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही. गाणं शेवटाला येऊन विरू लागतं तेव्हा आवाज वाढवा, मागे एक गिटार आहे. दोन-तीन सूर, मोकळी जागा, पुन्हा एक सूर. नीट लागतोय तोवर आवाज बंद झालेला असतो.